गुल्ली डंडा (गव्हातील तण)

गुल्ली डंडा : (हिं. मंडूसी, कनकी, गेहूँसा; कुल–ग्रॅमिनी). गव्हाच्या शेतात वाढणारे एक वर्षायू (एक वर्ष जगणारे) तृण. याचे शास्त्रीय नाव फॅलॅरिस मायनर असे आहे. ‘गुल्ली डंडा’ हे पंजाबी नाव विटीदांडूच्या खेळाचे असून उत्तर भारतातील शेतकरी या तृणास ‘गेहूँ का मामा’ असेही म्हणतात. पंजाब, हरयाणा, पश्चिम उत्तर प्रदेश व उत्तराखंडाचा तराई भाग या हरितक्रांतीच्या प्रदेशात गव्हाचे सर्वांत त्रासदायक तण म्हणून ते ओळखले जाते. एके काळी क्षुल्लक समजले जाणारे हे तृण सु. पंचवीस वर्षांच्या अवधीत देशाच्या धान्यपुरवठ्यास चिंतेचा विषय ठरले. त्याच्या प्रसाराचा इतिहास हा मुख्यतः पीकपद्धतीतील बदलांचा इतिहास आहे. ज्या बदलांनी गव्हाचे उत्पादन वाढविले त्याच बदलांनी या तृणास वाढीची जागा करून दिली आणि त्याच्यावर योजलेल्या एकेका रासायनिक उपायाबरोबर त्याचे अधिक चिवट प्रकार निवडले गेले.

वर्णन : हे तृण साधारणपणे ३० सेंमी. ते १ मी. व अनुकूल परिस्थितीत त्याहूनही अधिक उंच वाढते. त्यास बुंध्यापासून अनेक फुटवे येतात. पाती अरुंद, लांब, टोकदार व गुळगुळीत असतात. फुलोरा दाट, लंबगोल किंवा दंडगोलाकार कणिशासारखा असून सु. २–६ सेंमी. लांब असतो. कणिशके चपटी असून त्यांच्या तुषांच्या कण्यावर पातळ पंखासारखी कडा असते. दाणे लहान, चपटे व चकचकीत असून एका कणिशात ते शेकडो असतात.

पोटरीवर येईपर्यंत हे तृण गव्हाच्या रोपासारखेच दिसते. जाणकार शेतकरी त्यास दोन खुणांवरून ओळखतात. त्याच्या बुंध्याजवळचा भाग तांबूस असतो आणि गव्हाच्या पात्याच्या तळाशी खोडास वेढणाऱ्या ज्या लवदार कर्णिका असतात त्या यात नसतात. तथापि एकरभर दाट पिकात वाकून प्रत्येक रोपाचा बुंधा पाहणे व्यवहारात शक्य नसते. त्यामुळे निंदणी करताना गव्हाची रोपे उपटली जातात व तण शिल्लक राहते, असे वारंवार घडते. फुलोरा बाहेर आल्यावर ओळख पटते. परंतु तोपर्यंत पिकाचे नुकसान होऊन गेलेले असते.

याच्या जीवनक्रमाचा गव्हाशी जवळचा मेळ आहे. बी रुजण्यास सु. १०°–२०° से. तापमान व ओलसर जमीन अनुकूल असते. त्यामुळे नोव्हेंबर–डिसेंबरमध्ये गव्हाच्या पेरणीबरोबर आणि विशेषतः गव्हास मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी (पेरणीनंतर सु. तीन आठवड्यांनी) दिलेल्या पहिल्या पाण्यानंतर त्याची रोपे मोठ्या संख्येने उगवतात. बरेचसे बी गव्हाच्या कापणीपूर्वीच पक्व होऊन जमिनीवर गळते. त्यामुळे पिकाबरोबर तणाची कापणी झाली, तरी पुढील हंगामाची पेरणी त्याने आधीच करून ठेवलेली असते. जमिनीतील सर्व बी एकाच वर्षी रुजत नाही. काही सुप्तावस्थेत राहून नंतरच्या वर्षांत उगवते.

मूलस्थान व पूर्वेतिहास : भूमध्य समुद्राभोवतालचा प्रदेश व पश्चिम आशिया हे या तृणाचे मूलस्थान मानतात. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ आंडर्स यान रेट्सियस यांनी १७८३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पाळीव पक्ष्यांचे खाद्य म्हणून ज्याची लागवड होते ते कॅनरी गवत याच प्रजातीतील आहे. थंड हंगामातील धान्यपिकांबरोबर गुल्ली डंडा मेक्सिको, कॅलिफोर्निया, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, पाकिस्तान इ. प्रदेशांत पसरला आहे.

हे तण १९६० नंतरच्या दशकात मेक्सिकोहून आणलेल्या गव्हाच्या बियाण्याबरोबर भारतात आले, अशी समजूत रूढ आहे. आयात धान्याबरोबर त्याचे काही बी आले असणे संभवनीय असले, तरी या तृणाचा भारतातील वास त्याहून जुना आहे. जोसेफ डाल्टन हूकर यांच्या फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया या ग्रंथाच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात त्याची नोंद आढळते. महाराष्ट्रात १९५०–६० या दशकात पुणे येथे प्रथम नजरेस आलेल्या गाजरगवताविषयीही आयात गव्हाबरोबर आल्याची अशीच समजूत प्रचलित आहे (गाजरगवत हे नावाने गवत असले, तरी तृणकुलातील नाही). आयातीकडे बोट दाखविल्याने तणाच्या आगमनाचे उत्तर मिळाल्यासारखे वाटते. परंतु जे तृण शेताच्या बांधावर व गव्हाच्या वाफ्यात विरळ वाढत होते, ते १९७० नंतर एकाएकी प्रबळ का झाले, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. त्यासाठी त्या काळातील गव्हाच्या शेतीकडे पाहावे लागते.

हरितक्रांती व प्रसार : हरितक्रांतीपूर्वी उत्तर भारतात पिकविले जाणारे गहू उंच वाढणारे होते. त्यांच्या सावलीत बुटके तण फारसे वाढत नसे. बरीचशी शेती पावसाच्या ओलीवर किंवा मर्यादित पाण्यावर होत असे. नत्रखताची मात्रा अल्प असे. कारण अधिक खत दिल्यास उंच गहू आडवा पडत असे. शेतातील तण हाताने उपटून जनावरांना घालण्याची रीत असल्याने त्याचा चारा म्हणून उपयोग होई.

भारतातील गहू सुधारणेच्या कार्यासंबंधात अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी १९६३ मध्ये भारतास भेट दिली. त्यानंतर लेर्मा रोहो व सोनोरा–६४ या मेक्सिकन बुटक्या जातींची चाचणी झाली आणि १९६६ मध्ये मेक्सिकोहून सु. १८,००० टन बियाणे आयात करण्यात आले. पुढे कल्याणसोना, सोनालिका इ. जाती प्रसारात आल्या. गव्हाचे देशातील उत्पादन १९६४–६५ मध्ये सु. १·२३ कोटी टन होते, ते १९७०–७१ मध्ये सु. २·३८ कोटी टनांवर गेले. परदेशी धान्यावर अवलंबून असलेल्या देशाच्या दृष्टीने ही वाढ असाधारण होती [→ गहू].

या यशाची साधने तणासही उपकारक ठरली. बुटक्या जातींची सावली कमी पडत असल्याने जमिनीपर्यंत प्रकाश पोहोचू लागला व फुलोऱ्यावर आलेले तण गव्हाच्या ओंब्यांच्या वर डोके काढू लागले. कूपनलिकांच्या पाण्यामुळे जमीन हंगामभर ओली राहू लागली. भरपूर नत्रखताचा लाभ पिकाप्रमाणे तणासही मिळाला. शेतातील बियाणेच पुन्हा पेरण्याची किंवा शेजाऱ्याकडून घेण्याची रीत चालू राहिल्याने गव्हात मिसळलेले तणाचे बी गावोगाव गेले. पाटाचे पाणी आणि नीट न कुजलेले शेणखत यांतूनही त्याचा प्रसार झाला.

भात–गहू पीकचक्र : प्रसाराचे सर्वांत प्रभावी कारण भाताच्या लागवडीत झालेली वाढ हे होय. पंजाबात १९६०–६१ मध्ये भाताखालील क्षेत्र सु. २·३ लाख हे. होते. ते १९८०–८१ मध्ये सु. १२ लाख हे. व १९९०–९१ मध्ये २० लाख हे. हून अधिक झाले. मका, कापूस, हरभरा यांसारखी पिके मागे पडून पावसाळ्यात भात व हिवाळ्यात गहू असे एकच चक्र वर्षानुवर्षे चालू लागले. शासकीय खरेदी व आधारभूत किंमत यांची शाश्वती या दोन धान्यांना होती. त्यामुळे शेतकऱ्याने हा मार्ग स्वीकारणे स्वाभाविक होते.

भातासाठी शेतात चिखलणी करून पाणी साठविले जाते. त्यामुळे कोरडवाहू जमिनीतील अनेक तणांचे बी कुजते. पूर्वी गव्हात जंगली ओट हे गवत अधिक उपद्रवी होते, ते भाताच्या शेतांतून हटत गेले आणि निचऱ्याच्या हलक्या जमिनींत व भाताव्यतिरिक्त इतर पिकांनंतरच्या गव्हात टिकून राहिले. गुल्ली डंड्याचे बी मात्र पाण्याखालील, प्राणवायूची उणीव असलेल्या चिखलातही जिवंत राहते. भाताच्या कापणीनंतर जमीन ओलसर व जड राहते, पेरणीस उशीर होतो व तापमान उतरलेले असते. ही सर्व परिस्थिती त्याच्या अंकुरणास पोषक असते. अशा रीतीने भाताच्या शेतीने त्याचे स्पर्धक दूर केले व गव्हाच्या शेतीने त्यास खतपाणी पुरविले.

तणनाशकाचा काळ : शेतमजुरीचे दर वाढत गेले आणि हाताने निंदणी करूनही तण ओळखणे कठीण होते. त्यामुळे १९७० नंतर रासायनिक उपायांकडे लक्ष वळले. मेथाबेंझथायाझुरॉन, मेटॉक्सुरॉन व आयसोप्रोट्युरॉन या यूरियाजन्य तणनाशकांची शिफारस झाली. त्यांपैकी आयसोप्रोट्युरॉन हे स्वस्त, गव्हास निर्धोक व दीर्घ कालावधीत वापरता येण्याजोगे असल्याने १९८० नंतर सर्वत्र पसरले. ते तणाच्या प्रकाशसंश्लेषणात अडथळा आणते. गव्हाचे रोप त्याचे आपल्या शरीरात त्वरित विघटन करीत असल्याने पिकास इजा होत नाही. हेक्टरी सु. १ किग्रॅ. क्रियाशील द्रव्य ही त्याची सामान्य मात्रा होती.

सु. दहा ते पंधरा वर्षे या एकाच रसायनावर विस्तृत प्रदेशातील तणनियंत्रण अवलंबून राहिले. फवारणीची साधने सर्वांजवळ नसल्याने अनेक शेतकरी ते वाळू, माती किंवा यूरियात मिसळून हाताने फेकीत. त्यामुळे शेताच्या काही भागांत मात्रा अपुरी पडे. कोणत्याही तणाच्या मोठ्या समूहात विषास दाद न देणारी काही थोडी रोपे निसर्गतःच असू शकतात. त्याच रसायनाचा वारंवार वापर झाल्यास इतर रोपे मरतात व ही मोजकी रोपे बी धरतात. गुल्ली डंड्याचे बी कापणीपूर्वीच त्याच शेतात गळत असल्याने ही निवड दरवर्षी अधिक पक्की होत गेली.

प्रतिकारक्षमतेचा उदय : १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हरयाणातील भात–गव्हाच्या पट्ट्यात आयसोप्रोट्युरॉन देऊनही तण मरत नसल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. सुरुवातीस औषधातील भेसळ, अपुरी मात्रा, फवारणीची चुकीची वेळ ही कारणे सांगण्यात आली. शेतकऱ्यांनी मात्रा वाढविली, काहींनी एकाच हंगामात दोनदा औषध दिले; तरीही तण वाढतच राहिले. हिस्सार येथील हरयाणा कृषी विद्यापीठातील आर. के. मलिक व समुंदर सिंग यांनी अशा शेतांतील बी गोळा करून तुलनात्मक प्रयोग केले आणि प्रतिकारक्षम प्रकारांना मारण्यास नेहमीच्या प्रकारांपेक्षा कित्येक पट अधिक मात्रा लागते, असे दाखविले. त्यांचे निष्कर्ष १९९३ मध्ये हिस्सार येथील परिसंवादात व १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या शेतांत भात–गहू हे चक्र अखंड चालू होते तेथे ही क्षमता फार मोठ्या प्रमाणात आढळली. ऊस, भाजीपाला, कापूस वा सूर्यफूल यांचा फेरपालट असलेल्या शेतांत ती क्वचितच दिसली.

या तृणाने विषापासून बचाव करण्याची जी रीत साधली ती लक्षणीय आहे. प्रतिकारक्षम रोपे आयसोप्रोट्युरॉनचे त्वरित विघटन करतात आणि या क्रियेत सायटोक्रोम पी–४५० या गटातील एंझाइमांचा भाग असतो, असे पुढील संशोधनातून दिसून आले. गहू ज्या मार्गाने हे विष पचवितो जवळजवळ त्याच मार्गाने तणही ते पचवू लागले. रूपाने गव्हासारखे असलेले तण या गुणातही गव्हासारखे झाले. त्यामुळे पिकास वाचवून तणास मारणे हा या तणनाशकाचा मूळ उपयोगच संपुष्टात आला.

प्रत्यक्ष शेतावरील परिणाम गंभीर होते. वायव्य भारतातील सु. ८ ते १० लाख हे. क्षेत्र प्रतिकारक्षम तणाने व्यापल्याचा अंदाज त्या काळी वर्तविण्यात आला. जेथे चौरस मीटरमध्ये दोन-तीन हजार रोपे उगवली तेथे पीक पूर्णपणे हातचे गेले. हरयाणातील काही शेतकऱ्यांना ओंब्या भरण्याआधीच उभा गहू कापून जनावरांना वैरण म्हणून घालावा लागला. बियाणे, खत, पाणी व औषध यांवरील खर्च त्यापूर्वीच झालेला असल्याने ज्याने जमीन खंडाने घेतली होती किंवा कर्ज काढले होते त्यास हा तोटा भरून काढणे दुष्कर होते. जगातील तणनाशक-प्रतिकारक्षमतेच्या सर्वांत गंभीर उदाहरणांत या घटनेची गणना होते.

नांगरटीविना पेरणी : संकटाच्या काळात पर्याय शोधताना मशागतीच्या एका नव्या पद्धतीस चालना मिळाली. भाताच्या कापणीनंतर शेत न नांगरता, उलट्या टी–आकाराच्या फाळांच्या यंत्राने अरुंद चर पाडून त्यात बी व खत पेरण्याची ही पद्धत होय. अशा फाळांचे यंत्र न्यूझीलंडहून १९८९ मध्ये भारतात आणले गेले व पंतनगर येथील कृषी विद्यापीठात त्याचे स्थानिक रूप १९९१ च्या सुमारास तयार झाले. १९९६ नंतर हरयाणात शेतकऱ्यांच्या शेतांवर त्याच्या चाचण्या घेण्यात आल्या.

या पद्धतीत माती हलविली जात नसल्याने खोल थरांतील तणाचे बी वर येत नाही. नांगरणीचे दिवस वाचत असल्याने गव्हाची पेरणी लवकर होते व तापमान अद्याप काहीसे चढे असताना पीक वर येते. तणास रुजण्यास अनुकूल थंडी पडेपर्यंत गव्हाने जमीन झाकलेली असते. डिझेल व मजुरी यांचीही बचत होते. ‘जितकी नांगरट अधिक तितका गहू चांगला’ हा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज असल्याने प्रारंभी गावांतून विरोध झाला. परंतु शेजारच्या शेतातील स्वच्छ पीक पाहून तो ओसरला. पुढील दशकात उत्तर भारतातील लाखो हेक्टरांवर ही पद्धत पसरली. एका तणाच्या भीतीने मशागतीची रूढ चाल बदलल्याचे हे दुर्मिळ उदाहरण होय.

नवीन तणनाशके व पुनरावृत्ती : १९९७–९८ च्या सुमारास क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन व ट्रालकॉक्सिडिम यांची शिफारस झाली. त्यांपैकी काही तणातील मेदाम्लांची, तर काही ॲमिनो अम्लांची निर्मिती रोखतात. म्हणजेच आयसोप्रोट्युरॉनपेक्षा त्यांची क्रिया वेगळी असते. त्यांच्या वापराने गव्हाचे उत्पादन सावरले. तथापि औषधाचे नाव बदलले तरी भात–गव्हाचे चक्र तसेच राहिले आणि जुन्या रसायनावरील भिस्त नव्या रसायनांवर गेली. काही वर्षांतच त्यांनाही तण दाद देईनासे झाले. कर्नाल येथील गहू संशोधन संचालनालयातील आर. एस. छोकर व आर. के. शर्मा यांनी २००८ मध्ये या तणातील बहुविध प्रतिकारक्षमतेचे, म्हणजे भिन्न प्रकारे कार्य करणाऱ्या अनेक तणनाशकांना एकाच वेळी दाद न देण्याच्या गुणाचे, वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर वापरात आलेल्या पिनॉक्साडेन या तणनाशकाविरुद्धही प्रतिकारक्षम प्रकार आढळले आहेत. अलीकडे पेंडिमेथॅलिन, पायरॉक्सासल्फोन यांसारखी, पेरणीनंतर लगेच जमिनीवर फवारावयाची तणनाशके वापरात आहेत.

भाताचे काड शेतात जाळण्याच्या प्रथेने या प्रश्नात भर घातली आहे. काडाची राख जमिनीतून कार्य करणाऱ्या तणनाशकास धरून ठेवते, त्यामुळे त्याचा प्रभाव घटतो. याउलट काड न जाळता त्याच आच्छादनातून गहू पेरणारी यंत्रे वापरल्यास जमिनीवर प्रकाश कमी पोहोचतो व तणाची उगवण कमी होते. अशा प्रकारचे ‘हॅपी सीडर’ हे यंत्र २००१ नंतरच्या काळात लुधियाना येथील पंजाब कृषी विद्यापीठ व ऑस्ट्रेलियन तज्ञ यांच्या सहकार्याने विकसित झाले.

नियंत्रण व महत्त्व : तणाच्या जीवनक्रमावरून त्याचे उपाय स्पष्ट होतात. तणविरहित बियाणे वापरणे, पेरणी लवकर करणे, ओळी जवळ घेऊन पीक दाट ठेवणे, फुलोरा दिसताच बी पडण्यापूर्वी रोपे उपटणे आणि भिन्न प्रकारे कार्य करणारी तणनाशके आलटून पालटून वापरणे हे त्यांतील प्रमुख होत. सर्वांत परिणामकारक उपाय पिकांचा फेरपालट हा आहे. गव्हाऐवजी दोन-तीन वर्षे बरसीम हे चारापीक घेतल्यास वारंवार कापणीमुळे तणास बी धरता येत नाही व जमिनीतील साठा झपाट्याने घटतो. ऊस, बटाटा, मोहरी, सूर्यफूल यांच्या फेरपालटानेही लाभ होतो.

हा उपाय सर्वज्ञात असूनही त्याचा अवलंब मर्यादित राहिला आहे. गहू व भात यांना निश्चित खरेदीदार असतो. इतर पिकांना तो नसतो. त्यामुळे तणामुळे होणारी घट सोसूनही हीच पिके घेणे शेतकऱ्यास कमी धोक्याचे वाटते. महाराष्ट्रात गव्हाच्या हंगामातील थंडी सौम्य व अल्पकालीन असून भात–गहू हे अखंड चक्र मोठ्या प्रमाणावर नाही; त्यामुळे येथे या तणाने वायव्य भारतासारखे उग्र स्वरूप धारण केलेले नाही. तथापि एकच पीक व एकच तणनाशक यांवर वर्षानुवर्षे विसंबल्यास काय घडते, याचा जो अनुभव हरयाणा–पंजाबच्या शेतकऱ्यांनी मोठी किंमत देऊन घेतला, तो सोयाबीन, ऊस यांसारख्या पिकांखाली विस्तीर्ण क्षेत्र असलेल्या कोणत्याही प्रदेशास मार्गदर्शक आहे.